सॅम्प्रसची रॅकेट आणि आपला हात

जगविख्यात टेनिसपटू कोणती रॅकेट वापरतो, तिच्यात तार कोणत्या जातीची आहे, ती किती पौंडांवर ओढलेली आहे आणि मुठीवर कोणती पट्टी गुंडाळलेली आहे, याची बारकाईने चौकशी करण्याची हौस टेनिसच्या नादी लागलेल्या प्रत्येकास केव्हा ना केव्हा जडतेच. आणि ही हौस निव्वळ चौकशीवर थांबती, तर तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे प्रयोजनही उरले नसते. परंतु चौकशीच्या पाठोपाठ खरेदी येते, आणि आठवड्यातून दोन-तीन सायंकाळी जिमखान्यात खेळणारा, एरवी खुर्चीवर बसून काम करणारा सद्गृहस्थ एखाद्या दिग्विजयी खेळाडूचे हत्यार हुबेहूब आपल्या हाती घेतो, तेव्हा पहिली फिर्याद त्याचे कोपर दाखल करते. अशा तपशिलाचा सामान्य खेळाडूस काहीच उपयोग नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. उपयोग पुष्कळ आहे. पण रॅकेटचा प्रत्येक आकडा त्या खेळाडूच्या पूर्वचरित्राशी रुजुवात घालून वाचला, तो आकडा तिथे का आला याचा छडा लावला आणि मग तोच प्रश्न स्वतःस विचारला, तर. ही पद्धत कशी चालवावी हे दाखविण्यासाठी मी पीट सॅम्प्रसचा दाखला निवडला आहे. कारण बहुतेक व्यावसायिक खेळाडू कारकिर्दीत अनेकदा रॅकेट बदलतात, किंवा जुन्याच रॅकेटीवर नव्या मॉडेलचा रंग चढवून खेळतात, आणि त्यामुळे त्यांच्या हाती नेमके काय आहे याचा थांग प्रेक्षकास लागत नाही, तर सॅम्प्रसने आपली चौदाही ग्रँड स्लॅम विजेतेपदे एकाच घडणीच्या रॅकेटीने मिळविली.

ती रॅकेट म्हणजे विल्सन कंपनीची प्रो स्टाफ, 85 चौरस इंच जाळीची. ग्रॅफाइटमध्ये केव्हलारचे धागे विणून केलेली, चौकट सुमारे 17 मिलिमीटर जाड, म्हणजे आजच्या दुकानांतून मिळणाऱ्या फुगीर चौकटींच्या मानाने अगदी काटक; उभ्या तारा सोळा, आडव्या अठरा; आणि जाळीच्या दोन्ही बाजूंस, घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी, चौकटीला मुद्दाम दिलेला किंचित फुगवटा, जेणेकरून चेंडू मध्याच्या बाजूला लागला तरी रॅकेट हातात पिळवटू नये. कारखान्यातून येणारी ही रॅकेट तारांसह साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरे. परंतु सॅम्प्रस तिच्या बाजूंवर शिशाच्या पट्ट्या चिकटवून तिचे वजन चारशेच्या घराजवळ नेऊन ठेवी. कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटावर या मॉडेलचे जे उत्पादन पूर्वी होत असे, त्याच मालावर त्याचा भरवसा होता. पुढे उत्पादन आशियात हलले, तरी त्याने जुन्या चौकटींचा साठा सोडला नाही. आणि दोन मालांतील फरक खराच किती होता यावर जाणकारांचे वाद आजही संपलेले नाहीत. माझ्या मते त्यात वस्तूच्या गुणाइतकाच सवयीचाही भाग होता. परंतु निर्णायक क्षणी दुसरी सर्व्हिस निःशंकपणे मारावयाची असेल, तर सवय हीच मोठी मालमत्ता ठरते.

तारांच्या बाबतीत त्याचा शिरस्ता अधिकच कडक होता. तार नैसर्गिक गटाची, म्हणजे गुरांच्या आतड्यापासून केलेली, बाबोला या फ्रेंच कंपनीची आणि जातीने बारीक. आणि ताण पंचाहत्तर पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे 34 किलो. आपल्याकडील क्लबांतून पन्नास-पंचावन्न पौंडांवर गटिंग करून घेण्याचा जो सर्वसाधारण प्रघात आहे, त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे या आकड्याचा उग्रपणा ध्यानी येतो. बारीक तार इतक्या ताणावर ओढली की ती लवकर तुटणार, हे उघडच आहे. परंतु तुटण्याची वाट पाहण्याचा प्रसंग येऊ नये अशीच तजवीज केलेली असे. नेट फर्ग्युसन हा त्याचा स्वतंत्र गटिंग करणारा कारागीर त्याच्याबरोबर स्पर्धांना हिंडत असे, आणि सामन्यासाठी तयार केलेल्या रॅकेटींपैकी ज्या वापरल्याच गेल्या नाहीत त्यांच्याही तारा कापून पुढील सामन्यासाठी नव्याने ओढल्या जात. कारण तार न खेळताही आपला ताण सोडते. चेंडू बदलण्याच्या वेळी, म्हणजे पहिल्या सात गेम्सनंतर आणि पुढे दर नऊ गेम्सनंतर, रॅकेटही ताजी घेण्याची अनेक व्यावसायिकांची रीत असते. पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 या काळात झालेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेचे सामने ज्यांनी जवळून पाहिले असतील, त्यांनी खेळाडू पिशवीतून प्लॅस्टिकच्या वेष्टनातील रॅकेट काढताना पाहिले असेलच. या सर्व सरंजामात एक बारीकशी वस्तू मला विशेष लक्षणीय वाटते. रॅकेटच्या मुठीच्या बाजूस, जिथे उभ्या तारा चौकटीत शिरून वळतात, तिथे सॅम्प्रस चामड्याचे लहानसे तुकडे तारेखाली बसवून घेत असे. तारेचा तीव्र वाक त्यामुळे सौम्य होतो आणि आघात मऊ पडतो. एवढ्या कठोर जुळणीच्या मधोमध ही चामड्याची गादी!

आता या माणसाच्या पूर्वचरित्राचे दप्तर उघडू. 12 ऑगस्ट 1971 रोजी वॉशिंग्टन येथे ग्रीक वंशाच्या कुटुंबात तो जन्मला. त्याच्या बालपणीच कुटुंब कॅलिफोर्नियात स्थलांतरित झाले, आणि तेथे लहान मुलांचा डॉक्टर असलेल्या पीट फिशर नावाच्या टेनिसवेड्या गृहस्थाने त्याच्या शिक्षणाची सूत्रे हाती घेतली. फिशर स्वतः मोठा खेळाडू नव्हता. परंतु हा मुलगा कसा घडावा याचे स्पष्ट चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्या चित्राचा आदर्श होता ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर. मुलगा दोन्ही हातांनी बॅकहँड मारून कुमारगटात यशस्वी होत होता, तरी चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याचा बॅकहँड एकहाती करण्यात आला. त्या बदलापायी पुढील काही काळ पराभव पदरी आले, ते सोसले गेले. सर्व्हिसच्या सरावात तर फिशरने अशी युक्ती योजली होती की मुलाने चेंडू वर उडविल्यानंतर तो कोणत्या कोपऱ्यात मारावयाचा ते सांगावयाचे. त्यामुळे कोणत्याही दिशेच्या सर्व्हिससाठी चेंडूची उडवणी एकच राहिली, आणि पुढे बारा-चौदा वर्षे जगातील उत्तमोत्तम परतवणाऱ्यांना त्या उडवणीवरून काहीही अंदाज बांधता आला नाही. बालपणी तो लाकडी रॅकेटीवर खेळला होता, ही गोष्ट तर आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची आहे. लाकडी रॅकेटची जाळी पासष्ट-सत्तर चौरस इंचांची असते. ज्याचा हात आणि डोळा तेवढ्या जागेत चेंडू घेण्यास शिकला, त्याला 85 इंच ही कोंडी कधी वाटलीच नसेल. आपल्याला ती चिमुकली वाटते, ती आपण शंभर इंचांवर खेळ सुरू केल्यामुळे.

येणेप्रमाणे एकेक आकडा आपली कैफियत देऊ लागतो. मूळची रॅकेट मुठीकडे तोल असलेली, म्हणून नेटजवळ व्हॉलीसाठी चपळ. शिशाने जड केलेली, म्हणून बेकर किंवा इव्हानिसेव्हिच यांच्या तोफेसारख्या सर्व्हिसपुढेही न डगमगणारी. आणि सर्व्हिसच्या लांब, सैल, लयबद्ध झोक्यात तेच वजन चेंडूवर जाऊन आदळणारे. वेग त्याच्या खांद्यातून आणि लयीतून निर्माण होतच होता, तो तारेकडून उसना घेण्याची त्याला गरज नव्हती. सबब तारेकडून त्याने फक्त नियंत्रण मागितले आणि ताण वाढविला. पुन्हा थॅलसेमियाची सौम्य आनुवंशिक प्रवृत्ती असल्याने उन्हातान्हातील दीर्घ सामन्यांत त्याला थकवा लवकर येत असे, ही गोष्ट पुढे जाहीर झाली. गुण झटपट संपविणारा खेळ त्याच्या शरीरास सोयीचा होता, आणि रॅकेट त्या खेळास.

या जुळणीने त्याला काय मिळवून दिले ते सर्वश्रुत आहे. 1988 साली सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. 1990 च्या अमेरिकन स्पर्धेत लेंडल, मॅकेन्रो आणि आगासी या तिघांना ओळीने हरवून, वयाची 19 वर्षे आणि 28 दिवस पुरे झाले असताना विजेता ठरला. विम्बल्डन सात वेळा, अमेरिकन पाच वेळा, ऑस्ट्रेलियन दोन वेळा. क्रमवारीत एकूण 286 आठवडे अग्रस्थानी, आणि 1993 पासून 1998 पर्यंत सलग सहा वर्षे वर्षअखेरीचा पहिला क्रमांक. त्याला या उंचीवर नेणारा मार्गदर्शक टिम गलिक्सन मेंदूच्या कर्करोगाने 1996 साली निवर्तला. त्याच्या आजाराचे सावट आले तेव्हा 1995 च्या मेलबर्न येथील स्पर्धेत कुरियरविरुद्ध खेळता खेळता सॅम्प्रसच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि तशाही अवस्थेत त्याने तो सामना जिंकला. यंत्रवत, भावनाशून्य अशी त्याच्याविषयी जी समजूत होती, तिचे खंडन त्या एका सायंकाळी झाले.

पण जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे, आणि माझ्या मते शिकण्याजोगे अधिक त्या बाजूसच आहे. पॅरिसच्या मातीवर सॅम्प्रस कधीच जिंकला नाही. 1996 साली उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि काफेल्निकोव्हकडून हरला, तीच त्याची तेथील परमावधी. मातीवर चेंडू उंच उसळतो आणि मंद होतो. तो खांद्याच्या उंचीवर एकहाती बॅकहँडने, एवढ्याशा जाळीच्या जड रॅकेटीने, पुन्हा पुन्हा टॉपस्पिन देऊन परतवीत राहणे या कामासाठी ते हत्यार घडलेलेच नव्हते. त्याच सुमारास पॉलिस्टरच्या नव्या तारा पुढे आल्या होत्या, ज्यांनी जोरात झोका घेऊनही चेंडू फिरवून आत ठेवता येई. ब्राझीलचा कुर्तेन त्या तारांवर 1997 साली पॅरिस जिंकून गेला. मातीवर खेळताना आपण मोठ्या जाळीचा आणि नव्या तारांचा प्रयोग करून पाहावयास हवा होता, अशी खंत सॅम्प्रसने निवृत्तीनंतर उघडपणे व्यक्त केली आहे. तथापि सर्व दोष रॅकेटच्या माथी मारणेही न्यायाचे नाही: 1994 साली रोमची स्पर्धा त्याने मातीवरच जिंकली, आणि 1995 साली मॉस्को येथे डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत, रशियनांनी मुद्दाम घातलेल्या मातीवर, दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तिन्ही सामने जिंकून चषक अमेरिकेस मिळवून दिला, तो याच रॅकेटीने.

उलट बाजूस आगासी पाहा. तो बेसलाइनवर पाय रोवून, चेंडू उसळताच उचलणारा, दोन हातांनी बॅकहँड मारणारा. त्याची जाळी 107 चौरस इंचांची. 2002 च्या अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना, जो सॅम्प्रसचा शेवटचा व्यावसायिक सामना ठरला, त्यात नेटच्या एका बाजूस 85 आणि दुसऱ्या बाजूस 107 अशी स्थिती होती. 85 जिंकली म्हणून ती श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणाऱ्यास मग ऑस्ट्रेलियात आगासीने याच सॅम्प्रसला 1995 आणि 2000 साली हरविले त्याचा जाब द्यावा लागेल. फेडररचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. 2001 साली विम्बल्डनवर त्याने सॅम्प्रसला पाच सेटमध्ये हरविले, तेव्हा दोघांच्याही हाती हीच 85 इंची प्रो स्टाफ होती. पुढे तो 90 वर गेला, आणि 2014 साली, बत्तिशी ओलांडल्यावर, 97 वर; खांदा आणि बॅकहँड पूर्वीइतके अचूक राहणार नाहीत हे ओळखून जगज्जेत्याने सवय मोडली, आणि 2017 व 2018 साली आणखी तीन ग्रँड स्लॅम पदरात पाडून घेतले. वयोमानाप्रमाणे हत्यार बदलण्यास लाजणाऱ्या आपल्या क्लबांतील बुजुर्गांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

आता आपल्या हाताकडे वळू. प्रथम जाळीचे क्षेत्रफळ: प्रौढपणी खेळ सुरू केला असेल, तर 98 ते 105 चौरस इंचांच्या दरम्यान राहावे, आणि त्यापेक्षा लहान जाळीचा मोह, चेंडू दहापैकी आठ वेळा तारांच्या मध्यावर बसत असल्याची खात्री झाल्याखेरीज, धरू नये. ही खात्री करण्याची साधी रीत अशी की तारांच्या मध्यभागी चेंडूच्या आघाताने पडलेला लोकरीचा ठसा अधूनमधून न्याहाळावा. तो एका ठिकाणी दाट असेल तर ठीक, आणि चौकटीपर्यंत सर्वत्र विखुरलेला असेल तर रॅकेट लहान करण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

वजनाच्या बाबतीत आपल्याकडे एक उलटा समज रूढ आहे, आणि त्याचा मी जरा विस्ताराने परामर्श घेतो. हलकी रॅकेट हातास सोसते आणि जड रॅकेट कोपर बिघडविते, असे दुकानदारही सांगतात आणि गिऱ्हाईकही मानते. वस्तुस्थिती निराळी आहे. येणाऱ्या चेंडूस थोपविण्याचे काम रॅकेटच्या वस्तुमानाने केले नाही, तर ते मनगटास आणि कोपरास करावे लागते. अडीचशे ग्रॅमची, ताठ चौकटीची, पॉलिस्टर तारेची रॅकेट घेऊन जोरकस प्रतिस्पर्ध्याशी खेळणारा माणूस आपल्या कोपरास प्रत्येक फटक्यागणिक धक्का देत असतो, तर सॅम्प्रसची जड आणि नैसर्गिक गटाची रॅकेट, तिचा ताण भरमसाट असूनही, त्या मानाने हातास सौम्यच होती. म्हणून चारशे ग्रॅमची रॅकेट घ्यावी असे नव्हे. खांद्याची तेवढी ताकद आणि वेळेवर झोका सुरू करण्याचे तेवढे शिक्षण नसेल, तर ती उशिरा पोहोचते, आणि उशिरा पोहोचलेली रॅकेट मनगटाने ओढावी लागते, की पुन्हा तेच दुखणे. सामान्य प्रकृतीच्या पुरुषाने तारा नसताना 290 ते 310 ग्रॅम आणि स्त्रीने 270 ते 290 ग्रॅम येथून आरंभ करावा, आणि तासाभराच्या खेळानंतरही सर्व्हिसचा झोका पहिल्यासारखाच राहतो का ते पाहावे. रॅकेटवर छापलेले वजन बहुधा तारांविना असते, हे ध्यानात असू द्यावे. तारांचे पंधरा-अठरा ग्रॅम वेगळे.

तारेविषयी सॅम्प्रसचे अनुकरण आपल्या हवेत अवघड आहे. नैसर्गिक गट ओलाव्याचा वैरी. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तो उसवू लागतो, आणि किंमत तर साध्या तारेच्या अनेक पट. ज्यांना ती तार प्राणिज म्हणूनही नको असेल, त्यांच्यासाठी अनेक बारीक धागे वळून केलेली मल्टिफिलामेंट तार हा उत्तम पर्याय आहे, आणि कोपर कुरकुरणाऱ्या प्रत्येकास मी तीच सुचवीन. पॉलिस्टर तार हल्ली बारा वर्षांच्या पोरांच्याही रॅकेटीत घातलेली दिसते, याचे मला नवल वाटते आणि चिंताही: ती ताठ असते, ताण भराभर सोडते, आणि तुटत नसल्यामुळे मेलेल्या अवस्थेत महिनोन् महिने तशीच राहते. जो आठवड्यातून तारा तोडीत नाही, त्याला तिच्या टिकाऊपणाची गरजच काय? मोह आवरत नसेल, तर एका दिशेस पॉलिस्टर आणि दुसऱ्या दिशेस मऊ तार अशी मिश्र जुळणी करावी. फेडररने उभ्या तारा नैसर्गिक गटाच्या आणि आडव्या पॉलिस्टरच्या ठेवून कारकिर्दीचा मोठा भाग काढला.

ताणाचा आकडा जाळीच्या आकड्याविना निरर्थक असतो. 85 इंचांतील आखूड तारांवरील पंचाहत्तर पौंड आणि 100 इंचांतील लांब तारांवरील पंचाहत्तर पौंड या दोन निराळ्या गोष्टी होत. शिवाय आजच्या बहुतेक चौकटींवर कमाल ताणाची मर्यादा छापलेली असते, ती ओलांडल्यास चौकट तडकण्याची जोखीम आपली. चेंडू सतत बाहेर जात असेल तर दोन पौंड वाढवावेत, नेटमध्ये अडकत असेल किंवा हात दुखत असेल तर दोन कमी करावेत. एका वेळी याहून मोठी उडी घेऊ नये, आणि प्रत्येक गटिंगची तारीख, तारेचे नाव व ताण वहीत टिपून ठेवावा. आठवड्यातून जितके दिवस खेळतो तितक्या वेळा वर्षातून गटिंग, हा जुना दंडक अजूनही पाळण्याजोगा आहे.

शिशाची पट्टी लावण्याची हौस असणाऱ्यांनी आधी मूळ रॅकेटवर महिनाभर खेळून घ्यावे. मग तीन आणि नऊच्या जागी दोन्ही बाजूंस मिळून चार ग्रॅम, याहून अधिक नको. चेंडू मध्यापासून बाजूला लागला असता रॅकेट पिळवटणे कमी झाले का, एवढेच पाहावे. बाराच्या जागी लावलेले तेवढेच शिसे झोका कितीतरी जड करते, म्हणून तो प्रयोग शेवटी. शिसे विषारी असल्यामुळे पट्टी कापून लावल्यावर हात धुवावेत, वरून साधी चिकटपट्टी मारावी, आणि लहान मुलांच्या रॅकेटीस ती लावूच नये.

उरली मूठ. खेळण्याच्या हाताने रॅकेट नेहमीप्रमाणे पकडावी आणि बोटांची टोके व तळहाताचा उंचवटा यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालून पाहावी. ती नेमकी बसली तर मूठ योग्य, शिरतच नसेल तर मूठ बारीक, आणि पुष्कळ जागा उरत असेल तर जाड. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर बारीक घ्यावी, कारण वरून पट्टी गुंडाळून मूठ वाढविता येते, तासून कमी करणे आजच्या साच्यातील मुठींस बहुधा शक्य नसते. आणि खरेदीपूर्वी दुकानदाराकडून चाचणीची रॅकेट दोन-तीन दिवसांसाठी मागून घ्यावी, अनामत द्यावी लागली तरी द्यावी. भिंतीवर नव्हे, सामन्यात खेळावी, आणि दुसऱ्या सेटच्या अखेरीस, थकलेल्या हाताने, सलग दहा दुसऱ्या सर्व्हिस मारून पाहाव्यात.